उगमकथा व हेतू (कॉमिक्समधील खलनायक आणि साथीदार)

महानायकांच्या कॉमिक्समध्ये एखादे पात्र कुठून आले, त्याला शक्ती किंवा मुखवटा कसा मिळाला, हे सांगणाऱ्या भागाला उगमकथा म्हणतात. चालू अंकात त्याला काय हवे आहे, तो त्याचा हेतू. नवशिके लेखक दोन्ही एकाच गाठोड्यात बांधतात आणि तिथेच घोटाळा होतो. उगम वर्षानुवर्षे झाकून ठेवता येतो. हेतू झाकला की पात्र लुळे पडते. मुखवट्याआड कोण आहे हे कळले नाही तरी वाचक थांबतो, पण तो धरण का फोडतोय हेच कळले नाही तर मारामारीची पाने भराभर उलटतो.

याचा सर्वांत चांगला दाखला म्हणजे बॅटमॅनचा शत्रू जोकर. १९४० साली 'बॅटमॅन'च्या पहिल्या अंकात तो आला तेव्हा त्याला नाव-गाव काही नव्हते. मात्र कुणाला, किती वाजता मारणार हे त्याने रेडिओवरून आधीच जाहीर केले होते. उगम शून्य, हेतू चव्हाट्यावर. १९५१ मध्ये त्याला पहिला भूतकाळ मिळाला: लाल टोप घालणारा चोर रसायनात पडला आणि पांढऱ्या चेहऱ्याने, हिरव्या केसांनी बाहेर आला. १९८८ मध्ये अॅलन मूर आणि ब्रायन बोलंड यांनी त्याआधी एक फसलेला विनोदवीर आणि त्याची गरोदर बायको जोडली, आणि लगेच जोकरच्याच तोंडून ही आठवण भरवशाची नाही असेही वदवून घेतले. उगम एका हाताने दिला, दुसऱ्या हाताने काढून घेतला. ही चलाखी नंतर अनेकांनी करून पाहिली. फार थोड्यांना जमली.

उलट बाजूने बॅटमॅनचाच दुसरा खलनायक मिस्टर फ्रीझ पाहावा. १९५९ मध्ये तो मिस्टर झीरो या नावाने आला. बर्फाची बंदूक असलेला एक चोर, एवढीच त्याची ओळख. १९९२ च्या दूरचित्रवाणी मालिकेने त्याला असाध्य आजाराने गोठवून ठेवलेली बायको दिली, नोरा. बंदूक तीच. पण थंडी आता हत्यारापुरती राहिली नाही, ती त्याच्या दुःखाची जागा झाली. शक्ती आणि हेतू एकाच वस्तूत सापडले की खलनायक पक्का होतो. कॉमिक्सनेही पुढे हाच भूतकाळ उचलला.

वेरूळचा अंधक

मराठवाड्यातल्या वाचकाला हे नवे वाटू नये. वेरूळच्या १५ क्रमांकाच्या लेण्यात अंधकासुरवधाचे शिल्प आहे. पार्वतीने खेळाखेळात शंकराचे डोळे झाकले, त्या घामातून आंधळे मूल जन्मले, ते हिरण्याक्षाला दिले गेले. मोठा झाल्यावर अंधकाने पार्वतीचीच अभिलाषा धरली; ती आपली आई हे त्याला ठाऊक नव्हते. येथे हेतू उघड आहे आणि उगम झाकलेला, तोही खुद्द खलनायकापासून. शिवाय त्याच्या रक्ताच्या प्रत्येक थेंबातून नवा अंधक उठतो, म्हणून ते रक्त जमिनीवर पडण्याआधी झेलावे लागते. शक्ती, तिची मर्यादा आणि तिच्यावरचा उपाय एका शिल्पात मावले आहेत. कॉमिक्सच्या भाषेत याला एका पानाची पूर्ण चौकट म्हणता येईल.

साथीदार

साथीदाराचे गणित उलटे असते. त्याचा उगम लवकर सांगितला तरी चालतो, संशय त्याच्या हेतूवर ठेवायचा असतो. हा आपल्या बाजूने का आहे, आणि कधीपर्यंत? मराठवाड्यात एसटी स्टँडवरच्या स्टॉलमधून आणि दिवसाच्या भाड्याने कॉमिक देणाऱ्या दुकानांतून जी हिंदी कॉमिक्स पोचली, त्यांत याचे चांगले नमुने आहेत. साबू गुरू ग्रहावरून आला आणि चाचा चौधरीच्या घरी राहिला. मुलांना एवढे पुरते, आणि खरे तर मोठ्यांनाही. नागराज आणि बहादूर हे खरे तर नायक, पण बाजू बदलण्याचा प्रश्न तोच. नागराज १९८६ मध्ये आला तो दहशतवाद्यांना विकायचे हत्यार म्हणून. बाबा गोरखनाथाने त्याच्या डोक्यातले नियंत्रण काढल्यावर तो बाजू बदलतो. आबिद सुरती यांचा बहादूर (१९७६) आणखी अवघड. बाप दरोडेखोर, पोलिसांच्या गोळीने मेलेला; मुलगा सूड घ्यायला निघतो, बापाचे खरे रूप कळल्यावर गावाच्या रक्षणाला उभा राहतो. येथे उगम बदलत नाही, उगमाचा अर्थ बदलतो. अशी कलाटणी सर्वांत टिकाऊ.

पैठणच्या शालिवाहन-कथेतून एक कसब शिकण्यासारखे आहे. कुंभाराच्या घरी वाढणारा हा शेषपुत्र लहानपणी मातीचे हत्ती, घोडे, शिपाई करून खेळतो. उज्जैनचा विक्रम चालून येतो तेव्हा तेच मातीचे सैन्य जिवंत होते. खेळ आधी दाखवला म्हणून युद्धातला चमत्कार ओढूनताणून आणलेला वाटत नाही. साथीदाराची शक्ती अशीच, गरज पडण्याच्या किमान दहा-बारा पाने आधी, बिनमहत्त्वाच्या प्रसंगात दिसून जावी.

कुठे बिघडते

सर्वांत नेहमीचा बिघाड म्हणजे उत्तर न ठरवता रहस्य सुरू करणे. 'स्पायडरमॅन'मधला हॉबगॉब्लिन १९८३ मध्ये आला. मुखवट्यामागे कोण हे लेखक रॉजर स्टर्न यांच्या मनात होते, पण त्यांनी मालिका सोडली. १९८७ मध्ये दुसऱ्या हातांनी नेड लीड्स हे नाव जाहीर केले. ते आधीच्या खुणांशी जुळेना. शेवटी १९९७ मध्ये स्टर्न यांनीच परत येऊन रॉडरिक किंग्स्ली हे नाव दिले: १४ वर्षे आणि मध्ये एक चुकीचा माणूस. मागे जाऊन केलेल्या अशा दुरुस्तीला रेटकॉन म्हणतात. म्हणून उत्तर, खुणा आणि त्या कोणत्या अंकात पडल्या हे एका कागदावर लिहून संपादकाकडे ठेवावे. लेखक बदलतो, कागद राहतो.

दुसरा बिघाड अतिशय सोज्वळ दिसतो: सगळे सांगून टाकणे. 'एक्स-मेन'मधला वुल्व्हरिन १९७४ मध्ये आला, त्याच्या बालपणाची संपूर्ण कथा २००१ मध्ये निघाली. तोपर्यंतची २७ वर्षे त्याच्या विसरलेल्या भूतकाळावर कथा चालल्या. नंतर ती विहीर आटली. फँटम स्ट्रेंजर या गूढ पात्राबाबत प्रकाशकांनी शहाणपणा केला. १९८७ मध्ये एकाच अंकात त्याच्या चार वेगवेगळ्या उगमकथा छापल्या आणि खरी कोणती ते सांगितले नाही.

तिसरा बिघाड तारखेचा. 'एक्स-मेन'चा शत्रू मॅग्नेटो याचा नाझी छळछावणीतला भूतकाळ लेखक क्रिस क्लेअरमाँट यांच्या काळात ठरला, आणि पात्राला वजन आले. पण दुसरे महायुद्ध दरवर्षी एक वर्ष मागे जाते, मॅग्नेटो मात्र म्हातारा होत नाही. मग तरुण होण्याची सोय कथेत घुसवावी लागते. मराठवाड्यात कथा रचणाऱ्याला हाच खड्डा दोन ठिकाणी आहे. १७ सप्टेंबर १९४८ ला २० वर्षांचा असलेला रझाकार २०२५ मध्ये ९७ वर्षांचा होतो. त्याला जिवंत खलनायक करता येत नाही, फार तर त्याने पुरलेली पेटी किंवा त्याचा नातू. किल्लारीचा भूकंप ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटेचा. त्यात आठव्या वर्षी घर गेलेले मूल २०२५ मध्ये चाळिशीत असते. हे अजून चालते, आणखी वीस वर्षांनी चालणार नाही. दुष्काळ त्या मानाने सोयीचा, तो परत येतो. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला पहिली पाण्याची रेल्वे आली तेव्हा १० वाघिणींत मिळून ५ लाख लिटर पाणी होते. त्या पाण्यावर डोळा असलेल्या खलनायकाचा हेतू असा आकड्यात सांगता येतो, आणि वाचकाला तो समजावून द्यावा लागत नाही.

पानांचा हिशेब

अमेरिकी मासिक अंकाची कथा २० ते २२ पानांची असते. तेवढ्या जागेत खलनायकाला काय हवे ते पाचव्या-सहाव्या पानापर्यंत दिसले पाहिजे. उगमाची एकच खूण अंकात टाकावी, तीही चित्रात. संवादाच्या फुग्यात टाकली की ती खूण राहत नाही, कबुली होते. पूर्ण उगमकथा सांगायची झाल्यास तीन-चार पाने पुरतात. त्याहून लांबली तर चालू प्रसंग थंड होतो आणि परत यायला आणखी एक पान जाते.

फुग्यातली एकच खूण फुकट मिळते, ती बोलीची. मुखवट्याआडचा माणूस अंकभर पुस्तकी मराठी बोलतो, स्वतःला पुण्याचा म्हणवतो. अठराव्या पानावर मागून कुणी खांद्यावर हात ठेवतो आणि हा दचकून म्हणतो, "काय करायलास बे?" चौकट तेवढीच, रंग तोच. परभणी-नांदेडचा वाचक तिथे थांबतो, दोन पाने मागे जातो.