नुसता पाऊस की विजांचा पाऊस?

धावायला निघताना आभाळ भरून आलं असेल, तर बहुतेक जण पावसाचा जोर बघतात. रिपरिप असली की निघायचं, मुसळधार असली की घरी बसायचं. हे मोजमापच चुकीचं आहे. विजा नसतील आणि रस्ता तुंबला नसेल, तर मुसळधार पावसातही धावता येतं. उलट एक थेंबही पडलेला नसताना लांबवर गडगडलं, तर बूट पायात चढवलेले असले तरी काढून ठेवावेत.

नुसत्या पावसातले त्रास घसरण्याचे आणि सोलवटण्याचे. कोरड्या दिवसांनंतरच्या पहिल्या सरीत रस्त्यावरचं तेल आणि धूळ मिसळून निसरडं होतं. रस्त्यावरचे रंगवलेले पट्टे आणि गटारांची लोखंडी झाकणं तर कायमच दगा देतात. तिथे पावलं आखूड टाका. तळ दिसत नसलेल्या पाण्यात पाय घालू नका. सुती टी-शर्ट पाणी पिऊन जड होतो. मांड्या आणि काखांना आधी व्हॅसलीन लावलेलं बरं. बूट साधे जाळीचेच चांगले, पाणी शिरतं तसं निघूनही जातं. वॉटरप्रूफ बुटात वरून शिरलेलं पाणी तिथेच मुक्काम करतं. हुडहुडी भरते ती धावताना नव्हे, थांबल्यावर, म्हणून पोचल्या पोचल्या कपडे बदला.

विजांच्या पावसाचं गणित कानांनी करायचं. आवाज सेकंदाला सुमारे 340 मीटर जातो, म्हणजे किलोमीटरला तीन सेकंद. वीज चमकल्यावर 30 सेकंदांच्या आत गडगडाट आला, तर ती 10 किलोमीटरच्या आत आहे, आणि पुढची तुमच्या डोक्यावरही असू शकते. खरं तर मोजत बसायचीही गरज नाही. गडगडाट ऐकू आला, म्हणजे तुम्ही विजेच्या टप्प्यात आलात. शेवटच्या गडगडाटानंतर 30 मिनिटं आतच थांबायचं. मध्ये पुन्हा गडगडलं तर 30 मिनिटं नव्याने मोजायची.

खरी गल्लत होते ती आडोशाच्या बाबतीत. पावसापासून वाचवणारं झाड विजेपासून वाचवत नाही. झाडावर पडलेली वीज शेजारच्या माणसावर उडी घेते, मुळांभोवतीच्या जमिनीतूनही पसरते. उघडी शेड किंवा बसथांबाही तसाच, अंग कोरडं राहतं एवढंच. आत शिरायचं ते पक्क्या इमारतीत किंवा काचा बंद केलेल्या, धातूच्या टपाच्या मोटारीत. मोटारीत वाचवतं ते धातूचं कवच, टायर नव्हेत. तेव्हा बुटांच्या रबरी तळव्यांवरही भिस्त ठेवू नका. दोन्हींपैकी काहीच जवळ नसेल, तर एकटं झाड, पाणी, तारेचं कुंपण आणि उंचवटा टाळत त्यातल्या त्यात जवळच्या पक्क्या इमारतीकडे निघा. जमिनीवर आडवं पडू नका. चार-पाच जण असाल, तर एकमेकांत अंतर ठेवा.

आणि सोबत्यावर वीज पडलीच, तर त्याला हात लावायला घाबरू नका. त्याच्या अंगात करंट साठून राहत नाही. श्वास थांबला असेल, तर मदत बोलावून लगेच सीपीआर, म्हणजे छाती दाबून आणि तोंडाने श्वास देऊन जीव वाचवण्याचा प्रथमोपचार, सुरू करा.