ॲक्टिव्ह व पॅसिव्ह व्हॉइस (इंग्रजीतील प्रयोगबदल)

क्रिया करणारा सब्जेक्टच्या जागी असेल तर इंग्रजी वाक्य ॲक्टिव्ह व्हॉइसमध्ये असते. क्रिया ज्याच्यावर घडते ते त्या जागी आले की पॅसिव्ह व्हॉइसमध्ये. एका रूपातले वाक्य दुसऱ्यात नेणे म्हणजे शाळेतले ‘चेंज द व्हॉइस’. महाराष्ट्रात बोर्डाच्या पेपरातल्या ‘डू ॲज डायरेक्टेड’पासून स्पर्धा परीक्षांपर्यंत हा प्रश्न पाठ सोडत नाही. मराठीत या जोडीला सर्रास कर्तरी आणि कर्मणी म्हटले जाते. शिकवायला ते सोपे जाते, पण दोन भाषांतल्या या रचना एकमेकींवर नीट बसत नाहीत. मराठी विद्यार्थ्यांच्या कितीतरी चुका तिथूनच निघतात. त्यांचा विचार शेवटी केला आहे.

रचना

‘द गार्डनर वॉटर्स द प्लांट्स’ हे साधे वाक्य घेऊ. त्याचे पॅसिव्ह होते ‘द प्लांट्स आर वॉटर्ड बाय द गार्डनर’. कर्म पुढे येऊन सब्जेक्ट झाले, क्रियापद तिसऱ्या रूपात गेले आणि त्याच्या आधी ‘बी’ या सहाय्यक क्रियापदाचे रूप आले. माळी ‘बाय’च्या मागे गेला. नव्या सब्जेक्टप्रमाणे वचनही बदलते: माळी एक होता, रोपे अनेक, म्हणून ‘आर’.

यातली कळीची जागा ‘बी’ची आहे. तिसरे रूप कोणत्याही काळात तेच राहते. काळ सांगण्याचे सगळे काम ‘बी’ करते. भूतकाळात ‘वर वॉटर्ड’, चालू वर्तमानात ‘आर बीइंग वॉटर्ड’, पूर्ण वर्तमानात ‘हॅव बीन वॉटर्ड’, ‘कॅन’, ‘मस्ट’, ‘विल’ यांच्यामागे ‘बी वॉटर्ड’. एवढे हाताशी असले की काळांचा लांबलचक तक्ता पाठ करायची गरज उरत नाही, तरी क्लासमध्ये तक्ताच घोकला जातो. बारा काळांपैकी आठांचेच पॅसिव्ह होते, असेही त्यात सांगितलेले असते. उरलेल्या चारांची रूपे, उदाहरणार्थ ‘हॅज बीन बीइंग वॉटर्ड’, व्याकरणाला अशक्य नाहीत. ती जिभेला जड आहेत, म्हणून कोणी फारशी वापरत नाही.

आज्ञार्थी वाक्याला शाळेने ‘लेट’ दिला आहे: ‘क्लोज द गेट’चे ‘लेट द गेट बी क्लोज्ड’. विनंती असेल तर ‘यू आर रिक्वेस्टेड टू’ने सुरुवात करायची. प्रश्नार्थक ‘हू’चे ‘बाय हूम’ होते. ही रूपे परीक्षेत बरोबर धरली जातात. पण घरात कोणी इंग्रज माणूस ‘लेट द गेट बी क्लोज्ड’ म्हणाला तर बाकीचे त्याच्याकडे वळून बघतील. याहून कृत्रिम नमुना म्हणजे ‘हनी टेस्ट्स स्वीट’चे ‘हनी इज स्वीट व्हेन इट इज टेस्टेड’. मूळ वाक्यात कर्मच नाही, तेव्हा बदलण्यासारखेही काही नाही. तरी हा प्रकार वर्षानुवर्षे प्रश्नसंचांतून फिरतो आहे.

बदल अडतो कुठे

‘स्लीप’, ‘अराइव्ह’, ‘हॅपन’ अशा अकर्मक क्रियापदांना पॅसिव्ह नसते. मात्र कर्म दिसले म्हणजे पॅसिव्ह होतेच असेही नाही. ‘शी हॅज अ कार’, ‘ही रिझेम्बल्स हिज फादर’, ‘द शर्ट फिट्स मी’, ‘द बुक कॉस्ट्स फिफ्टी रुपीज’ या वाक्यांत क्रियापदापुढे नाम आहे, पण कोणी कोणावर काही केलेले नाही. शर्ट अंगाला बसतो, त्यात शर्टाची कृती ती काय? म्हणून ही वाक्ये आहेत तशीच राहतात.

उलट ‘लाफ ॲट’, ‘लुक आफ्टर’ यांसारख्या जोड्या एकच क्रियापद असल्यासारख्या वागतात. ‘दे लाफ्ड ॲट हिम’चे पॅसिव्ह ‘ही वॉज लाफ्ट ॲट’. शेवटी लोंबकळणारा तो ‘ॲट’ मुलांना चुकीचा वाटतो आणि ती तो गाळतात. पेपरात हमखास गुण जाण्याची ही जागा. ‘मेक’चाही असाच एक फेरा आहे. ॲक्टिव्हमध्ये ‘दे मेड हिम वर्क’, पण पॅसिव्हमध्ये ‘ही वॉज मेड टू वर्क’. एरवी दडलेला ‘टू’ इथे परत येतो.

दोन कर्मांच्या वाक्याची दोन पॅसिव्ह होतात. ‘दे गेव्ह मी अ प्राइझ’ याचे ‘आय वॉज गिव्हन अ प्राइझ’ आणि ‘अ प्राइझ वॉज गिव्हन टू मी’. दोन्ही शुद्ध, पण बोलताना पहिले अधिक सहज येते, कारण आपल्याला बहुधा माणसाबद्दल सांगायचे असते. आणखी एक खोच अशी की प्रत्येक वेळी ‘बाय’च येतो असे नाही. ‘नोन टू’, ‘फिल्ड विथ’, ‘कंटेन्ड इन’, ‘इंटरेस्टेड इन’ हे नियमाने मिळत नाहीत. ऐकून-वाचूनच अंगवळणी पडतात.

‘बाय’ आणि गाळलेला कर्ता

शाळेतल्या सरावात प्रत्येक पॅसिव्ह वाक्याच्या शेपटीला ‘बाय’ लागतोच. प्रत्यक्ष इंग्रजीत चित्र उलटे आहे. ब्रिटिश भाषाशास्त्रज्ञ रँडॉल्फ क्वर्क आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या व्याकरणानुसार इंग्रजीतल्या पाचपैकी साधारण चार पॅसिव्ह वाक्यांत कर्ता सांगितलेलाच नसतो. पॅसिव्हचा खरा उपयोग इथेच कळतो. कर्ता माहीत नसतो, सांगण्याजोगा नसतो, सगळ्यांना ठाऊक असतो किंवा सांगायचा नसतो. ‘माय वॉलेट वॉज स्टोलन’ यापुढे ‘बाय अ थीफ’ जोडले तर वाक्य शुद्ध राहते, पण हास्यास्पद होते.

कर्ता ठेवलाच, तर त्याला वजन येते. इंग्रजीत नवी किंवा महत्त्वाची माहिती वाक्याच्या शेवटाकडे झुकते. चर्चा पूर्वीपासून एखाद्या पुलाची चालू असेल तर पुढचे वाक्यही पुलापासून सुरू होते आणि तो बांधणारा शेवटी येतो. त्यामुळे वाक्य बदलले की शब्दांची नुसती अदलाबदल होत नाही. वाक्य कशाबद्दल आहे, तेच बदलते. एकट्या, संदर्भाविना दिलेल्या वाक्यावर सराव करताना हे कधीच दिसत नाही.

काही वेळा अर्थही हलतो. अमेरिकन भाषाशास्त्रज्ञ नोम चॉम्स्की यांनी 1957 साली ‘सिंटॅक्टिक स्ट्रक्चर्स’ या छोट्या पुस्तकात पॅसिव्ह हे ॲक्टिव्हवर चालणाऱ्या एका नियमाचे फलित म्हणून मांडले, पण त्याच पुस्तकात त्यांनी या जोडीतली फटही दाखवली. खोलीतल्या प्रत्येकाला किमान दोन भाषा येतात, हे ॲक्टिव्ह वाक्य एकाला मराठी-कन्नड आणि दुसऱ्याला फ्रेंच-रशियन येत असली तरी खरे ठरते. ‘ॲट लीस्ट टू लँग्वेजेस’ने सुरू होणारे पॅसिव्ह वाक्य मात्र सगळ्यांना येणाऱ्या त्याच दोन भाषांबद्दल बोलते, असा त्याचा सरळ अर्थ लागतो. तेव्हा ‘अर्थ न बदलता व्हॉइस बदला’ ही सूचना नेहमीच पाळता येते असे नाही.

इतिहास

जुन्या इंग्रजीत पॅसिव्हसाठी दोन सहाय्यक क्रियापदे होती. एक आजच्या ‘बी’चे पूर्वज, दुसरे ‘वेओर्थन’, म्हणजे जर्मनमधल्या ‘वेर्डन’चे भावंड. जर्मनने ‘वेर्डन’ राखले आणि आजही ती पॅसिव्ह त्यानेच करते. इंग्रजीने मध्ययुगात दुसरे सोडून दिले. तेव्हापासून ‘द शॉप इज क्लोज्ड’ हे वाक्य दुकान बंद आहे आणि दुकान बंद केले जाते, अशा दोन्ही अर्थांनी घेता येते.

कर्ता दाखवायला ‘बाय’ एकटाच नव्हता. 1611 च्या किंग जेम्स बायबलमध्ये लोक योहानाकडून बाप्तिस्मा घेतात, तिथे शब्द आहेत ‘बाप्टाइज्ड ऑफ हिम’. पुढे ‘ऑफ’ मागे पडला आणि ‘बाय’ रूढ झाला.

आज मुले सहज लिहितात ते ‘इज बीइंग बिल्ट’ हे रूप तर फारच अलीकडचे. त्याआधी ‘द हाउस इज बिल्डिंग’ असे म्हणत आणि त्याचा अर्थ घर बांधले जात आहे असाच घेत. जेन ऑस्टिनच्या ‘नॉर्दँगर ॲबी’ या कादंबरीत दहाचे ठोके पडतात तेव्हा ‘द ट्रंक्स वर कॅरिइंग डाउन’: ट्रंका काही उचलत नव्हत्या, त्याच खाली नेल्या जात होत्या. नव्या रूपाचे एक सुरुवातीचे उदाहरण कवी रॉबर्ट सदी यांच्या 1795 च्या पत्रात आहे. त्यात एका न्हाव्याच्या हातून कोणाची तरी दाढ उपटली जाते आहे. या ‘इज बीइंग’वर एकोणिसाव्या शतकात इंग्लंड-अमेरिकेतल्या भाषाशुद्धीवाल्यांनी भरपूर टीका केली. आज त्यावर शाळेत प्रश्न येतो.

‘ही गॉट फायर्ड’, ‘द विंडो गॉट ब्रोकन’ यांतला ‘गेट’ हा बोलीतला पॅसिव्ह. अनपेक्षित किंवा त्रासदायक घटनांसाठी तो विशेष वापरला जातो. परीक्षेच्या पुस्तकांत त्याला अजून फारशी जागा नाही.

पॅसिव्हवरचा राग

विसाव्या शतकात लेखनाच्या सल्लागारांनी पॅसिव्हला धारेवर धरले. 1946 मध्ये जॉर्ज ऑरवेल यांनी राजकारण आणि इंग्रजी भाषेवरच्या निबंधात, ॲक्टिव्ह वापरता येत असेल तिथे पॅसिव्ह कधीही वापरू नका, असा नियमच घालून दिला. गंमत म्हणजे त्या निबंधाच्या पहिल्याच वाक्यात ‘इट इज जनरली अझ्यूम्ड’ असे पॅसिव्ह आहे आणि पुढेही ती भरपूर आहेत. ढोंग म्हणून त्यावर बोट ठेवण्यात अर्थ नाही. त्या वाक्याला तेच रूप शोभते, एवढेच.

रागाला कारण मात्र आहे. चूक कबूल करायची आणि चुकणाऱ्याचे नाव घ्यायचे नाही, ही सोय पॅसिव्ह करून देते. इराणला गुपचूप शस्त्रे विकून तो पैसा निकाराग्वातल्या काँट्रा बंडखोरांकडे वळवल्याच्या इराण-काँट्रा प्रकरणानंतर 1987 च्या जानेवारीत अमेरिकेचे अध्यक्ष रोनाल्ड रेगन यांनी काँग्रेसपुढे, म्हणजे तिथल्या संसदेपुढे, ‘मिस्टेक्स वर मेड’ म्हटले. त्याच्या सुमारे 110 वर्षे आधी, 1876 मध्ये, तेव्हाचे अध्यक्ष युलिसिस ग्रँट यांनीही काँग्रेसला पाठवलेल्या शेवटच्या संदेशात जवळपास हेच शब्द वापरले होते. पण लपवाछपवी ॲक्टिव्हमध्येही करता येते. दोष हेतूचा, व्हॉइसचा नव्हे. बातमीचा मथळा तर पॅसिव्हवरच चालतो. ‘टू अरेस्टेड’ यात ‘बी’सुद्धा गळालेला असतो, आणि पकडले ते पोलिसांनीच, हे वेगळे सांगावे लागत नाही. प्रयोगशाळेच्या जर्नलमध्ये ‘द सोल्युशन वॉज हीटेड’ असेच लिहायची शिस्त आपल्याकडे अजून आहे. ‘नेचर’सारखी नियतकालिके मात्र लेखकांना ‘वुई’ वापरून सरळ लिहायला सांगतात.

मराठी वाचकासाठी

‘राम आंबा खातो’ हा कर्तरी प्रयोग, ‘रामाने आंबा खाल्ला’ हा कर्मणी, ‘रामाने रावणास मारले’ हा भावे. तिन्हींचे इंग्रजी ॲक्टिव्हमध्येच होते. मराठीतला प्रयोग ठरतो तो क्रियापद कोणाच्या लिंगवचनाप्रमाणे चालते यावरून: आंबा खाल्ला, पोळी खाल्ली, केळे खाल्ले. वाक्यात पुढे कोण बसला आहे याचा त्याच्याशी संबंध नाही. ‘रामाने’तला ‘ने’ हा ‘रामेण आम्रं खादितम्’ या संस्कृत घडणीचा वारसा आहे. मुळात ती रचना पॅसिव्हचीच होती, पण आजच्या मराठीत ती भूतकाळ सांगायची रोजची, सरळ रीत झाली आहे. आंबा कोणी खाल्ला हे लपवायचा किंवा मागे टाकायचा हेतू तिच्यात नसतो.

मूल मात्र ‘ने’ला ‘बाय’ समजते. मग ‘रामाने आंबा खाल्ला’चे ‘मँगो ईटन बाय राम’ होते आणि ‘वॉज’ हरवतो, कारण मराठीच्या ‘खाल्ला’त त्याच्यासाठी वेगळा शब्दच नाही. इंग्रजी पॅसिव्हशी खरोखर जुळणारी मराठी रचना ‘कडून’ आणि ‘जा’ची: ‘रावण रामाकडून मारला गेला’. इंग्रजीच्या वळणाने रुजलेल्या या रचनेला व्याकरणात नवीन कर्मणी किंवा कर्मकर्तरी म्हणतात. पॅसिव्ह शिकवायला सुरुवात तिथून केली तर मुलांचा गोंधळ बराच कमी होतो: ‘गेला’च्या जागी ‘वॉज’, ‘मारला’च्या जागी ‘किल्ड’, ‘कडून’च्या जागी ‘बाय’.

उलट दिशेच्या चुकाही आहेत. ‘माझा जन्म पुण्यात झाला’ म्हणून ‘आय बॉर्न इन पुणे’ लिहिले जाते. इंग्रजीत जन्म पॅसिव्हमध्येच होतो, ‘आय वॉज बॉर्न’. ‘अपघात झाला’ मात्र ‘द ॲक्सिडेंट हॅपन्ड’ असाच हवा. तिथे ‘वॉज हॅपन्ड’ लिहिणारे पदवीधरही भेटतात. दोन्हीकडे मराठीत एकच ‘झाला’, इंग्रजीत मात्र एकीकडे पॅसिव्ह आणि दुसरीकडे ॲक्टिव्ह.

भाषांतरात पॅसिव्ह सर्वांत सुरळीत उतरते ते सरकारी कागदावर. ‘सर्व संबंधितांना कळविण्यात येते की’, ‘या आदेशान्वये मंजुरी देण्यात येत आहे’ यांचे इंग्रजी करताना वाक्य उलटेपालटे करावे लागत नाही. कळवणारा कोण आणि मंजुरी देणारा कोण, हे मजकुरात दोन्ही भाषांत सांगितलेले नसते. ते खाली सहीजवळ, पदनामात सापडते.