कमोडोर ६४ वर बुलेटिन बोर्ड चालत नसे?

बुलेटिन बोर्ड म्हणजे इंटरनेटआधीच्या काळात लोक मोडेम लावून, फोनलाइनवरून ज्याला जोडले जात आणि निरोप वाचत-लिहीत, तो संगणक. कमोडोर ६४ हा १९८०च्या दशकातला घरगुती संगणक. ‘बुलेटिन बोर्डाला हार्ड डिस्कवाला महागडा संगणक लागायचाच, कमोडोर ६४ चं ते काम नव्हे’ हा समज जुना आहे. ६४ केबी मेमरी पाहता तो पटतोही. पण हिशोब करून बघा. ३०० बॉड वेगाचा मोडेम सेकंदाला जेमतेम ३० अक्षरं पाठवी. ४० बाय २५ अक्षरांचा पडदा भरायला अर्ध्या मिनिटाहून जास्त! संगणकच मोडेमसाठी थांबून राही. फोनलाइन एक, म्हणून एका वेळी माणूसही एकच.

खरी अडचण फ्लॉपीची: कमोडोरच्या १५४१ या फ्लॉपी ड्राइव्हवर एका फ्लॉपीत सुमारे १७० केबीच मावे. म्हणून बोर्ड चालवणारं सॉफ्टवेअर निवडताना ते किती जागा खातं आणि इतर संगणकवाल्यांना साधा आस्की मजकूर (बहुतेक संगणकांना समजणारी अक्षरांची प्रमाण संकेतपद्धत) देतं का, हे बघावं लागे. याच यंत्रासाठी लिहिलेलं ‘कलर ६४’ हे बुलेटिन बोर्डाचं सॉफ्टवेअर आजही व्हाइस एम्युलेटरवर (आजच्या संगणकावर कमोडोरची नक्कल करणाऱ्या प्रोग्रॅमवर) चालवून बघता येईल.