माशांपासून पुडीपर्यंत: युनिलिव्हरच्या शाश्वतता धोरणाची पार्श्वभूमी

एप्रिल 2024 मध्ये साबण-शाम्पू विकणाऱ्या युनिलिव्हर या बहुराष्ट्रीय कंपनीने पर्यावरणाची काही उद्दिष्टे सैल केली. नव्या प्लास्टिकचा वापर 2025 पर्यंत निम्म्यावर आणायचा शब्द दिलेला होता. त्याऐवजी 2026 पर्यंत 30 टक्के कपात, असे ठरले. दशकभर जिचे उदाहरण सगळीकडे दिले जात होते, त्याच कंपनीने पाऊल मागे घेतल्याने टीका झाली. पण या माघारीची मुळे धोरणाच्या जन्मापासूनच दिसतात.

1992 मध्ये कॅनडाच्या सरकारला न्यूफाउंडलंडजवळची कॉडची मासेमारी बंद करावी लागली. अतोनात उपशामुळे मासाच उरला नव्हता. युनिलिव्हर तेव्हा गोठवलेल्या माशांच्या जगातल्या मोठ्या खरेदीदारांपैकी एक होती. मासाच मिळाला नाही तर विकायचे काय, हा प्रश्न थेट खरेदी विभागापुढे उभा राहिला. त्यातून या कंपनीने डब्ल्यूडब्ल्यूएफ या निसर्गसंरक्षण संस्थेला सोबत घेऊन 1997 मध्ये मरीन स्टुअर्डशिप कौन्सिल स्थापन केली. नीट सांभाळलेल्या मासेमारीला प्रमाणपत्र देणारी ही संस्था पुढे स्वतंत्र झाली. 2004 मध्ये पाम तेलासाठी असाच मंच उभा राहिला. 2007 मध्ये कंपनीच्या केनियातल्या केरिचोच्या चहामळ्यांना रेनफॉरेस्ट अलायन्स या संस्थेचे शाश्वत शेतीचे प्रमाणपत्र मिळाले. यात परोपकाराचा भाग थोडा, कच्चा माल हातचा जाण्याची धास्ती मोठी. माझ्या मते या धोरणाचा सर्वांत भक्कम भाग तोच.

त्याच काळात भारतात वेगळेच चित्र होते. कोडाईकनालच्या थर्मामीटर कारखान्यातली पाऱ्याने माखलेली काच गावातल्या भंगारवाल्याकडे सापडली. रहिवासी आणि ग्रीनपीस या पर्यावरण संघटनेने आवाज उठवला आणि 2001 मध्ये हिंदुस्थान लिव्हरने, म्हणजे युनिलिव्हरच्या भारतातल्या कंपनीने (आताची हिंदुस्थान युनिलिव्हर), कारखाना बंद केला. 591 माजी कामगारांशी तडजोड व्हायला मात्र 2016 उजाडले. एका हाताने समुद्र वाचवणारी कंपनी दुसरीकडे कामगारांना पंधरा वर्षे ताटकळत ठेवते, याचा विसर पडू देता कामा नये.

जानेवारी 2009 मध्ये पॉल पोलमन युनिलिव्हरचे प्रमुख झाले. प्रॉक्टर अँड गॅम्बल आणि नेस्ले इथे काम केलेला हा बाहेरचा माणूस. दर तिमाहीला नफ्याचे अंदाज देण्याची प्रथा त्यांनी लगेच बंद केली. तीन महिन्यांच्या आकड्यांकडे डोळे लावून बसलेल्या गुंतवणूकदारांपुढे दहा वर्षांची योजना मांडता येत नाही, हे त्यांनी ओळखले होते. नोव्हेंबर 2010 मध्ये ‘सस्टेनेबल लिव्हिंग प्लॅन’ जाहीर झाला. धंदा दुप्पट करायचा, पर्यावरणावरचा भार निम्म्यावर आणायचा आणि शंभर कोटींहून अधिक लोकांचे आरोग्य व स्वच्छता सुधारायची. आजवर अशा गोष्टींसाठी वेगळा विभाग आणि वेगळा अहवाल असे; इथे तीच व्यवसायाची योजना ठरली.

त्यातले काय साधले? आरोग्याचे उद्दिष्ट मुदतीत पूर्ण झाले. शेतमालाच्या शाश्वत खरेदीचा वाटा 2010 मधल्या 14 टक्क्यांवरून 2020 पर्यंत दोन तृतीयांशांच्या आसपास गेला. लक्ष्य 100 टक्क्यांचे होते. कारखान्यांतले उत्सर्जन आणि कचरा झपाट्याने घटला. उलाढाल मात्र 44 अब्ज युरोंवरून जेमतेम 51 अब्जांच्या घरात पोचली.

खरी गोम ग्राहकाच्या न्हाणीघरात होती. साबण किंवा शाम्पू तयार करताना जेवढे कार्बन उत्सर्जन होते, त्याच्या कितीतरी पट ते वापरताना पाणी तापवण्यात होते. कंपनी आपला बॉयलर बदलू शकते, लोकांचा गिझर नाही. म्हणून हा भार निम्म्यावर आणण्याची मुदत 2030 पर्यंत ढकलावी लागली. पाण्याच्या बाबतीत एक प्रयोग मुंबईत झाला. घाटकोपरच्या आझाद नगरात 2016 मध्ये ‘सुविधा’ केंद्र सुरू झाले: शौचालय, अंघोळीची सोय, कपडे धुण्याची यंत्रे आणि पिण्याचे पाणी एका छताखाली, आणि धुण्या-अंघोळीचे पाणी पुन्हा शौचालयांसाठी. वस्तीतल्या बाईचा रांगेतला वेळ वाचवणारी अशी सोय मला पानभर उद्दिष्टांपेक्षा मोलाची वाटते.

पुडीचा प्रश्न मात्र सुटला नाही. किराणा दुकानाच्या दारात माळेसारख्या लटकणाऱ्या शाम्पूच्या पुड्यांनी हिंदुस्थान युनिलिव्हरला खेड्यापाड्यांत नेले. एक-दोन रुपयांत चांगला शाम्पू मिळू लागला, ही सोय खरीच. पण ती पुडी अनेक थर एकमेकांना चिकटवून केलेली. थर वेगळे करणे परवडत नाही, आणि एवढासा चिटोरा भंगारवालाही उचलत नाही. 2016 च्या केंद्रीय नियमांनी पुनर्वापर न होणारे असे बहुस्तरीय प्लास्टिक दोन वर्षांत बंद करायला सांगितले होते. 2018 च्या दुरुस्तीत ज्यातून ऊर्जा मिळवता येईल किंवा ज्याचा दुसरा उपयोग होईल, त्याला सूट मिळाली आणि पुडी टिकली. मासे वाचवण्यात धंद्याचे हित होते. पुडी सोडण्यात धंद्याचे नुकसान आहे.

फेब्रुवारी 2017 मध्ये क्राफ्ट हाइन्झ या अमेरिकी खाद्यपदार्थ कंपनीने 143 अब्ज डॉलरला युनिलिव्हर विकत घ्यायचा प्रस्ताव दिला. दोन दिवसांत तो मागे घेतला गेला, पण धक्का बसायचा तो बसलाच. नफ्याचे लक्ष्य विक्रीच्या 20 टक्क्यांवर नेण्यात आले, 5 अब्ज युरोंचे शेअर परत विकत घेतले गेले, मार्जरीनचा (लोण्याऐवजी वापरायच्या वनस्पती तेलाच्या पदार्थाचा) जुना धंदा विकायला काढला. 2021 मध्ये हवामान आराखड्याला भागधारकांनी 99 टक्क्यांहून अधिक मते दिली खरी, पण वाढ मंदावल्याची कुरकुर चालूच राहिली. जुलै 2023 मध्ये प्रमुख म्हणून आलेल्या हाइन शूमाखर यांनी यादी आखडती घेऊन हवामान, निसर्ग, प्लास्टिक आणि उपजीविका या चार विषयांवर आणली. 2024 ची माघार त्यातलीच.

भारतात आता हा मामला केवळ कंपनीच्या मर्जीवर राहिलेला नाही. शेअर बाजाराची नियामक संस्था सेबीने 2022-23 पासून पहिल्या 1000 सूचीबद्ध कंपन्यांना शाश्वततेचा अहवाल सक्तीचा केला. 2023 मध्ये त्यातल्या निवडक आकड्यांची टप्प्याटप्प्याने बाहेरच्या संस्थेकडून तपासणी करून घेण्याची अट आली. पुरवठादारांची माहिती देण्याचा भाग मात्र मार्च 2025 मध्ये वर्षभर पुढे ढकलून ऐच्छिक करण्यात आला. युनिलिव्हरच्या बाबतीत पाम तेलासारखा कच्चा माल पुरवठादारांच्याच खात्यात मोडतो.