चालू संशोधनावरील विज्ञान-व्हिडिओ (माध्यमिक विद्यार्थ्यांसाठी)

नुकत्याच प्रसिद्ध झालेल्या किंवा अजून चालू असलेल्या वैज्ञानिक संशोधनाची ओळख साधारण १४ ते १८ वयाच्या विद्यार्थ्यांना करून देणारा, त्यांना आधीच ठाऊक असलेल्या संकल्पनांना धरून रचलेला छोटा व्हिडिओ. पाठ्यपुस्तकातले उत्तर बहुधा पक्के झालेले असते. येथे ते अजून तपासले जात असते. म्हणून काय सापडले यापेक्षा ते कशावरून म्हणतात, हे दाखवणे हेच या प्रकाराचे खरे काम आहे. नुसता निष्कर्ष सांगणारा व्हिडिओ ही बातमी झाली. तिच्यातून विद्यार्थी विज्ञान शिकत नाही.

संशोधकांनी संशोधकांसाठी केलेले व्हिडिओ वेगळे. प्रयोगाची कृती चित्रित करून छापणारे ‘जोव्ह’ हे नियतकालिक २००६ मध्ये सुरू झाले. त्याचा प्रेक्षक प्रयोगशाळेत उभा असतो. संस्था शोधाच्या घोषणेबरोबर जे व्हिडिओ देतात ते मुख्यतः पत्रकारांसाठी असतात. शालेय व्हिडिओला या दोन्हींतले साहित्य उपयोगी पडते, पण मांडणी नव्यानेच करावी लागते.

विषयाची निवड

चांगल्या विषयात एकच दावा असतो, त्यामागे दाखवता येईल असे एखादे मोजमाप असते आणि त्या मोजमापाची निदान एक कडी विद्यार्थ्याच्या अभ्यासात आलेली असते. १४ सप्टेंबर २०१५ रोजी अमेरिकेतल्या ‘लायगो’ वेधशाळेने गुरुत्वीय लहरी प्रथम टिपल्या. या लहरींमागची सामान्य सापेक्षता शाळेत शिकवता येत नाही. पण ४ किलोमीटर लांबीच्या दोन काटकोनी भुजांतून परतणारे लेसरकिरण एकत्र आले की प्रकाश कमी-जास्त होतो, हे व्यतिकरण शिकलेल्या मुलाला कळते. लहर जाताना भुजांच्या लांबीत पडलेला फरक प्रोटॉनच्या व्यासाच्या शंभराव्या भागाहूनही कमी होता, हे त्यानंतर सांगितले तर त्या आकड्याला वजन येते. आधी सांगितले तर तो नुसता मोठा आकडा राहतो. उलट ज्या शोधनिबंधाचा गाभा कळायला पाच-सहा नव्या संज्ञा लागतात, तो कितीही गाजलेला असला तरी सोडून द्यावा.

निबंध कोणत्या टप्प्यावर आहे हे पाहणे अनिवार्य आहे. प्रीप्रिंट म्हणजे तज्ज्ञांच्या परीक्षणाआधीच खुला केलेला मसुदा. त्यावर व्हिडिओ करायचाच असेल तर ते निवेदनात सांगावे, खालच्या वर्णनात लपवू नये. परीक्षण झाले म्हणजे निष्कर्ष खरा ठरला, असेही नाही. दुसऱ्या गटाला तो स्वतंत्रपणे मिळाला का, हा पुढचा प्रश्न.

सप्टेंबर २०११ मधला ‘ऑपेरा’ प्रयोग या बाबतीत फार शिकवून जातो. जिनीव्हाजवळच्या सर्न या संशोधनकेंद्रातून निघालेले न्यूट्रिनो (अतिशय हलके कण) सुमारे ७३० किलोमीटरवरच्या, इटलीतल्या ग्रान सासो प्रयोगशाळेत प्रकाशापेक्षा सुमारे ६० नॅनोसेकंद आधी पोचल्याचे मोजमाप आले. सैल बसलेली एक प्रकाशतंतूची केबल हे त्याचे मुख्य कारण निघाले आणि २०१२ मध्ये सुधारित मोजमाप प्रकाशाच्या वेगाशी जुळले. ‘आइन्स्टाइन चुकले’ असे सांगणारे व्हिडिओ काही महिन्यांतच निकामी झाले. पण ६० नॅनोसेकंदांत प्रकाश १८ मीटर जातो, मग एवढी चूक अंतराच्या मोजणीतून येईल की घड्याळातून, असा प्रश्न विचारणारा व्हिडिओ आजही वर्गात चालतो.

संहिता आणि लांबी

एडएक्स या ऑनलाइन शिक्षणमंचाच्या अभ्यासक्रमांतील व्हिडिओ पाहण्याच्या ६९ लाख नोंदींचा अभ्यास २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. व्हिडिओ कितीही लांब असला तरी पाहण्याचा मध्यक वेळ सुमारे ६ मिनिटांपुढे जात नाही, असे त्यात दिसले. तो अभ्यास घरून शिकणाऱ्या स्वेच्छा-विद्यार्थ्यांचा होता, वर्गातल्या मुलांचा नव्हे. तरीही ६ ते ८ मिनिटे ही मर्यादा व्यवहारात योग्य ठरते. मिनिटाला १२० शब्द धरले तर ६ मिनिटांची संहिता ७२० शब्दांची होते. प्रत्यक्षात ६०० शब्दांवर थांबावे, कारण आलेख वाचायला आणि दृश्य पाहायला निवेदन थांबलेले लागते. संहिता लांबली की निवेदक वेग वाढवतो आणि हीच शांतता सर्वांत आधी जाते.

सुबक, स्पष्ट निवेदन नेहमी शिकवतेच असे नाही. डेरेक म्युलर यांनी २००८ च्या सुमारास सिडनी विद्यापीठात भौतिकशास्त्राच्या व्हिडिओंवर संशोधन केले. बरोबर माहिती नीट सांगणारे व्हिडिओ विद्यार्थ्यांना सोपे वाटले, पण चाचणीत फारशी सुधारणा झाली नाही. प्रचलित गैरसमज आधी बोलून दाखवून मग खोडणाऱ्या व्हिडिओंनी डोके जास्त शिणवले आणि शिकवलेही जास्त. ऐकलेली नवी माहिती मुले आपल्या जुन्या समजालाच चिकटवून टाकतात, त्यामुळे तो समज समोर आणल्याशिवाय हलत नाही. म्हणून संहिता लिहिण्याआधी त्या विषयातले दोन-तीन नेहमीचे गैरसमज शिक्षकांकडून जमवावेत. पहिल्या मिनिटात अंदाज विचारावा आणि ५ सेकंद चित्र स्थिर ठेवावे.

नव्या संज्ञा तीन-चारच असाव्यात आणि यंत्रणा समजावण्यापूर्वी त्यांची ओळख झालेली असावी. निवेदनातलीच वाक्ये पडद्यावर लिहू नयेत: शिक्षण-मानसशास्त्रज्ञ रिचर्ड मेयर यांच्या प्रयोगांत दिसले आहे की चित्र, आवाज आणि तोच मजकूर एकदम आला की लक्ष विभागते. सबटायटल मात्र हवेतच, ऐकू न येणाऱ्या आणि दुसरी मातृभाषा असलेल्या मुलांसाठी. ती चालू-बंद करता येतील अशा स्वतंत्र फाइलमध्ये द्यावीत.

दृश्ये

सर्वाधिक चुका येथेच होतात, आणि त्या सहसा शब्दांतल्या चुकांपेक्षा जास्त टिकतात. पडद्यावर येणारे प्रत्येक दृश्य प्रत्यक्ष मोजमाप आहे, संगणकीय प्रतिरूप आहे की चित्रकाराची कल्पना, हे कोपऱ्यात लिहिलेले असावे आणि दृश्य संपेपर्यंत तेथेच राहावे. १० एप्रिल २०१९ रोजी प्रसिद्ध झालेली एम८७ दीर्घिकेतील कृष्णविवराची प्रतिमा घ्या. तिच्यातला नारिंगी रंग डोळ्यांना कधीच दिसला नसता, ती १.३ मिलिमीटर तरंगलांबीच्या रेडिओलहरींवरून रचलेली आहे आणि रंग केवळ तीव्रता दाखवतो. चार गटांनी एकमेकांशी न बोलता स्वतंत्रपणे प्रतिमा तयार करून मग त्या ताडून पाहिल्या, हा भाग बहुतेक व्हिडिओ गाळतात. विश्वास कशावर ठेवायचा ते खरे तर तेथेच कळते.

सूक्ष्मदर्शकाच्या चित्रणात ‘४०० पट’ असे लिहून उपयोग नाही, कारण फोन आणि प्रोजेक्टर यांवर ते वेगवेगळे होते. मोजपट्टी द्यावी, आणि संकलन करताना चित्र मोठे केले तर ती त्याच प्रमाणात मोठी होईल अशी चित्रातच बसवावी. कालसंकोचित (टाइम-लॅप्स) चित्रणात घड्याळ हवे. पेशीविभाजनाची दर ३ मिनिटांनी एक चौकट घेतली आणि सेकंदाला २५ चौकटी दाखवल्या, तर पडद्यावरच्या एका सेकंदात ७५ मिनिटे सरतात. हे न सांगितल्यास पेशी क्षणात दुभंगते असा समज होतो.

रेणूंच्या अ‍ॅनिमेशनमध्ये दोष सूक्ष्म असतो. कायनेसिन हे प्रथिन ८ नॅनोमीटरच्या पावलांनी पेशीतल्या तंतूवरून चालते हे खरे. पण आसपासचे पाण्याचे रेणू वगळल्यामुळे ते ठरवून, संथपणे चालल्यासारखे दिसते. वास्तवात ते सतत धक्के खात असते. डीएनए कापणारे कॅस९ हे प्रथिन थेट डीएनएच्या नेमक्या हव्या त्या तुकड्यावर उतरताना दाखवणे हीही तशीच चूक. ते अनेक ठिकाणी आदळते, सुटते आणि जुळणी मिळाली तरच थांबते. दोन सेकंदांचे असफल आदळणे दाखवले की रेणूला ‘कळते’ हा गैरसमज टळतो.

आलेख एकदम पूर्ण आणू नये. आधी अक्ष आणि एकके, मग तुलनेसाठीच्या गटाचे बिंदू, मग प्रयोगगटाचे, शेवटी अनिश्चितता दाखवणाऱ्या उभ्या रेषा. उभा अक्ष शून्यापासून सुरू होत नसेल तर निवेदकाने तसे सांगावे. लाल-हिरवी जोडी टाळून निळी-नारिंगी वापरावी, म्हणजे रंगांधळ्या विद्यार्थ्यालाही फरक दिसतो.

आवाज

मायक्रोफोन तोंडापासून १५ ते २० सेंटिमीटरवर, पडदे-गाद्या असलेल्या खोलीत. ध्वनीची शिखरे उणे ६ डेसिबलच्या आत. विदेचा (डेटाचा) आवाज ऐकवताना विशेष जपावे. लायगोचा पहिला संकेत सुमारे ०.२ सेकंदात ३५ वरून २५० हर्ट्‌झपर्यंत चढला. यातला बराच भाग फोनच्या छोट्या स्पीकरवर उमटतच नाही, म्हणून तो वरच्या पट्टीत नेऊन ऐकवतात. ते चालेल, पण पट्टी बदलल्याचे सांगून.

तपासणी, हक्क आणि दुरुस्ती

संहिता दोघांनी वाचावी: त्या क्षेत्रातला, पण त्या निबंधाचा लेखक नसलेला संशोधक आणि त्या वयाच्या मुलांना शिकवणारा शिक्षक. दुसरी तपासणी कच्च्या रेखाचित्रांवर करावी. अ‍ॅनिमेशन पूर्ण झाल्यावर बदल महाग पडतो आणि मग टाळला जातो. काही विद्यार्थ्यांना कच्चा व्हिडिओ दाखवून ‘काय सापडले’ आणि ‘ते कशावरून’ अशी दोन उत्तरे लिहायला सांगावीत. दुसरे उत्तर कोरे राहिले तर संहिता बदलावी लागते.

निबंधातली आकृती सीसी बाय (श्रेय देऊन मुक्त वापर देणाऱ्या क्रिएटिव्ह कॉमन्स) परवान्याखाली असेल तर श्रेय देऊन वापरता व बदलता येते. परवान्यात ‘एनडी’ (बदल करून प्रसिद्ध करण्यास मनाई) असेल तर तिचे अ‍ॅनिमेशन करून प्रसिद्ध करता येत नाही, ही अट अनेकदा नजरेतून सुटते.

व्हिडिओत संशोधनाचे आणि निर्मितीचे वर्ष दोन्ही असावे. यूट्यूबवर चढवलेली फाइल त्याच दुव्यावर बदलता येत नाही. त्यामुळे छोटी चूक वर्णनाच्या पहिल्या ओळीत, वेळेच्या उल्लेखासह दुरुस्त करतात. निबंधच मागे घेतला गेला तर शीर्षकात तसे लिहून सुधारित व्हिडिओचा दुवा देतात. त्यासाठी संहिता, निवेदनाचे स्वतंत्र ध्वनिमुद्रण आणि अ‍ॅनिमेशनच्या मूळ फाइली जपून ठेवतात, म्हणजे बदललेला भागच पुन्हा करावा लागतो.