मेंदूची वाढ (गर्भावस्था ते किशोरवय)

गर्भधारणेच्या तिसऱ्या आठवड्यात सुरू होऊन विशी ओलांडल्यावरही काही काळ चालणारी मेंदूच्या घडणीची प्रक्रिया. चेतापेशी (संदेश वाहून नेणाऱ्या पेशी) तयार होणे, त्यांनी ठरलेल्या जागी सरकणे, एकमेकींशी जोडले जाणे आणि त्यांतले पुष्कळसे जोड पुन्हा मोडणे, असा हा क्रम आहे. मेंदूचे सगळे भाग एकदम पिकत नाहीत. डोळ्यांनी दिसण्याशी जोडलेला मागचा भाग लवकर तयार होतो, तर कपाळामागचा सर्वांत शेवटी.

भ्रूणाच्या पाठीवरची पेशींची पट्टी वळून तिची चेतानलिका, म्हणजे पुढे जिच्यातून मेंदू घडतो ती नळी, बनते. ती साधारण २८व्या दिवशी पूर्ण मिटते. ती नीट मिटली नाही, तर पाठीच्या कण्यात किंवा कवटीत जन्मजात व्यंग राहते. फॉलिक अ‍ॅसिडमुळे हा धोका बराच कमी होतो. अडचण एवढीच, की पाळी चुकल्यावर दिवस मोजून बाई आशाताईंकडे नाव नोंदवायला जाते, तोवर हे दिवस बहुधा उलटलेले असतात. म्हणून रोजची ४०० मायक्रोग्रॅमची गोळी मूल हवे असे ठरल्यापासूनच सुरू करायची असते. कोल्हापूर जिल्ह्यातल्या गावांत ती कधी कधी 'दिवस गेल्यावरची गोळी' समजली जाते.

पुढे पेशी झपाट्याने वाढतात. मोठ्या मेंदूच्या बाह्यस्तरातल्या बहुतेक चेतापेशी गर्भारपणाच्या मध्यापर्यंत तयार झालेल्या असतात. तोवर गुळगुळीत असलेल्या त्याच्या पृष्ठभागावर, सातव्या महिन्यात डोहाळजेवणाचा थाट चाललेला असताना, वळ्या पडू लागतात. आईच्या आहारात आयोडीन फार कमी असेल तर बुद्धीच्या वाढीवर कायमचा परिणाम होऊ शकतो. बाळाला सहाव्या महिन्याच्या सुमारास आवाज ऐकू येऊ लागतात आणि जन्मल्यावर ते आईचा आवाज ओळखते. मात्र गर्भसंस्कारांच्या सीडी वाजवल्याने हुशारी वाढते, याला आधार नाही.

जन्मतः मेंदूचे वजन साधारण ३५० ते ४०० ग्रॅम असते, म्हणजे प्रौढ मेंदूच्या चौथाईइतके. पहिल्या वर्षात डोक्याचा घेर सुमारे १२ सेंटिमीटरने वाढतो. या वाढीला जागा मिळावी म्हणूनच कवटीची हाडे सुरुवातीला जुळलेली नसतात. न्हाऊ घालणाऱ्या मावशी तेलाने टाळू भरतात ती हीच जागा. ती तेलाने भरत नाही. दीड वर्षाच्या आसपास आपोआप मिटते. हलक्या हाताने तेल लावण्यात वावगे काही नाही, पण टाळू दाबू नये.

चेतापेशींमधल्या जोडांची कथा सर्वांत रंजक आहे. मेंदूविकारतज्ज्ञ पीटर हटनलोखर यांनी १९७९ मध्ये दाखवले, की लहान मुलाच्या मेंदूत प्रौढापेक्षा जास्त जोड असतात आणि नंतर त्यांची छाटणी होते. वापरातले जोड टिकतात. डेव्हिड ह्यूबेल आणि टॉर्स्टन वीझेल या संशोधकांनी मांजराच्या पिल्लांचा एक डोळा ठरावीक काळ शिवून ठेवला, तेव्हा तो उघडल्यावरही मेंदू त्याची दखल घेईना. दृष्टीच्या संशोधनासाठी त्यांना १९८१ चे नोबेल मिळाले. तान्ह्या बाळाच्या जन्मजात मोतीबिंदूची शस्त्रक्रिया 'मोठे झाल्यावर बघू' म्हणून पुढे ढकलायची नसते, ती याच कारणाने.

भाषेचेही तसेच. जेनेट वर्कर आणि रिचर्ड टीझ या मानसशास्त्रज्ञांना १९८४ मध्ये आढळले, की इंग्रजी घरांतल्या सहा-आठ महिन्यांच्या बाळांना हिंदीतले दंत्य 'त' आणि मूर्धन्य 'ट' वेगळे ऐकू येतात. वर्षाच्या आत बहुतेकांचे ते सामर्थ्य ओसरते. गडहिंग्लजकडच्या घरांत मराठीसोबत कन्नडही कानावर पडते, तिथे बाळ दोन्ही भाषांचे ध्वनी टिकवते. दोन भाषांनी मूल गोंधळते हा समज चुकीचा आहे.

पहिली-दुसरीत जाईपर्यंत मेंदू आकाराने जवळपास पूर्ण होतो. त्यानंतरचे काम आतले असते: चेतापेशींच्या वापरातल्या तंतूंवर मायलिन या चरबीयुक्त पदार्थाचे वेष्टन चढते आणि संदेश वेगाने धावू लागतात.

किशोरवयात कपाळामागच्या भागात पुन्हा छाटणी होते. आवेग आवरणारा हा भाग अजून कच्चा असतो, तर बक्षिसाची ओढ लावणारी यंत्रणा तेजीत असते. मार्गो गार्डनर आणि लॉरेन्स स्टाइनबर्ग या मानसशास्त्रज्ञांच्या २००५ च्या प्रयोगात मित्र शेजारी असताना मुलांनी गाडी चालवण्याच्या खेळात जास्त धोका पत्करला. प्रौढांवर तसा परिणाम झाला नाही. कोल्हापूरच्या रंकाळा तलावावर तिघे एका गाडीवर बसून 'नाद खुळा' म्हणत सुटतात, तेव्हा त्यातल्या प्रत्येकाला धोका ठाऊक असतोच. निव्वळ उपदेश इथे फारसा कामाला येत नाही.

या वयात झोपेचे संप्रेरक रात्री उशिरा स्रवू लागते. तालमीतला किंवा पहाटेच्या शिकवणीचा मुलगा पेंगतो, तो दर वेळी आळशी नसतो. कोल्हापुरातल्या पेठापेठांच्या फुटबॉलवेडात वाढणाऱ्या पोरांसाठी आणखी एक गोष्ट: अमेरिकेच्या फुटबॉल महासंघाने डोक्याला होणाऱ्या दुखापतींच्या काळजीने २०१५ मध्ये दहा वर्षांपर्यंतच्या मुलांना हेडिंगची, म्हणजे डोक्याने चेंडू मारण्याची, मनाई केली. डोक्याला मार बसून मूल गोंधळले, उलटी झाली किंवा डोके दुखू लागले, तर त्याला त्या दिवशी पुन्हा मैदानात उतरवू नये आणि डॉक्टरांना दाखवावे.