कार्टूनच्या फ्रेमपासून चॅटमधल्या 'एफ'पर्यंत: इंटरनेटवरच्या विनोदाची पार्श्वभूमी

एखाद्या ॲनिमेटेड मालिकेचा नवा सीझन कसा वाटला असं विचारलं, तर उत्तर बऱ्याचदा शब्दांत येतच नाही. त्याच मालिकेच्या जुन्या भागातली एखादी फ्रेम येते, तीन सेकंदांचं जीआयएफ, म्हणजे फिरत राहणारं छोटं हलतं चित्र येतं, नाहीतर नुसतं 'एफ' हे अक्षर. ही भाषा कोणी ठरवून बसवलेली नाही. ती तयार झाली टंचाईतून: टीव्हीवरच्या ॲनिमेशनला पैसा कमी, जीआयएफला रंग कमी, मोडेमला वेग कमी, गेमच्या कार्ट्रिजला मेमरी कमी. मीमला लागणारा माल कार्टून आणि गेमनी इतका भरभरून का पुरवला, हे समजून घ्यायचं तर या काटकसरीपासूनच सुरुवात करावी लागते.

सिनेमा सेकंदाला २४ फ्रेमनी चालतो. थिएटरसाठी बनणाऱ्या जुन्या कार्टूनमध्ये एक चित्र साधारण दोन फ्रेम धरून ठेवत, म्हणजे सेकंदाला १२ चित्रं, आणि धावपळीच्या प्रसंगात पूर्ण २४. ॲनिमेटर विल्यम हॅना आणि जोसेफ बार्बेरा हॉलिवूडच्या एमजीएम स्टुडिओत याच पद्धतीने काम करत होते. १९५७ मध्ये एमजीएमने ॲनिमेशन विभाग गुंडाळला आणि दोघांनी टीव्हीसाठी स्वतःची कंपनी काढली. टीव्हीचं बजेट थिएटरच्या मानाने अगदीच तुटपुंजं होतं, म्हणून धड एका सेलवर (चित्र काढायच्या पारदर्शक तावावर), डोकं दुसऱ्यावर, तोंड तिसऱ्यावर अशी विभागणी झाली. जे हलतं तेवढंच नव्याने काढायचं. योगी बेअरसारख्या पात्रांच्या गळ्यात कॉलर आणि टाय असण्याचं कारण हेच: डोकं आणि धड यांच्यातला सांधा त्याखाली झाकला जातो. जपानमध्ये ओसामू तेझुका यांच्या मुशी प्रॉडक्शनने १ जानेवारी १९६३ पासून 'ॲस्ट्रो बॉय' दाखवायला सुरुवात केली. तिथे एक चित्र तीन फ्रेम धरायची पद्धत रुळली, म्हणजे सेकंदाला आठच चित्रं. शिवाय एकदा काढलेले शॉट जपून ठेवायचे आणि पुढच्या भागांत पुन्हा वापरायचे.

या कंजूषपणाचा कोणाच्या ध्यानीमनी नसलेला फायदा पुढे तीस-चाळीस वर्षांनी झाला. कॅमेऱ्याने टिपलेल्या दृश्यात मध्येच पॉज केलं तर डोळे अर्धवट मिटलेले, हात धूसर, तोंड वाकडं. कार्टूनमध्ये कुठेही थांबा, समोर येतं ते एक पुरं चित्र, आणि त्यातला भाव चित्रकाराने जाणूनबुजून काढलेला असतो. तो भाव सेकंदभर तसाच स्थिर असल्याने नेमकी फ्रेम पकडायला कष्ट पडत नाहीत. ठळक बाह्यरेषा आणि सपाट रंग असल्यामुळे चित्र अंगठ्याएवढं केलं तरी वाचता येतं. अपवाद एकच: वेग दाखवण्यासाठी चेहरा ताणून काढलेली 'स्मिअर' फ्रेम. पण तिथे पॉज केल्यावर मिळणारं ध्यान हाही एक वेगळाच विनोदप्रकार होऊन बसला.

'इज धिस अ पिजन?' हे याचं चांगलं उदाहरण. १९९१ च्या एका जपानी मालिकेतला मानवरूपी यंत्रनायक फुलपाखराकडे हात करून 'हे कबूतर आहे का?' असं विचारतो. २०११ मध्ये हा स्क्रीनशॉट इंटरनेटवर आला. सबटायटल चुकलंय असा अनेकांचा समज आहे, पण ते बरोबर आहे. पृथ्वीवरच्या गोष्टी नीट न कळणारं ते पात्रच चुकतंय. चित्रात मजकुराला तीन नैसर्गिक जागा आहेत: माणूस, फुलपाखरू आणि प्रश्न. तिन्हीवर नवी नावं चिकटवली की नवा विनोद तयार. टिकाऊ टेम्प्लेट, म्हणजे मजकूर बदलून पुन्हा पुन्हा वापरता येणारं चित्र, ओळखायची खूण हीच: चित्रात दोन-तीन रिकाम्या भूमिका हव्यात आणि त्यांच्यातलं नातं शब्दांशिवाय कळायला हवं. नुसता मजेशीर चेहरा आठवड्याभरात शिळा होतो.

चित्र तर मिळालं, पण ते पाठवायचं कसं? १९८७ मध्ये कॉम्प्युसर्व्ह या अमेरिकी ऑनलाइन सेवेत स्टीव्ह विल्हाइट यांच्या गटाने जीआयएफ आणलं. १९८९ च्या सुधारित आवृत्तीत प्रत्येक फ्रेम किती वेळ थांबवायची याची नोंद करता येऊ लागली, मात्र तेव्हा चक्राकार पुनरावृत्तीची सोय नव्हती. ती नेटस्केप नेव्हिगेटर २.० या ब्राउझरने स्वतःचा एक छोटा ब्लॉक जोडून दिली. त्या ब्लॉकमध्ये ० लिहिलं की जीआयएफ अखंड फिरतं. आजही एखादं जीआयएफ एकदाच चालून थांबलं, तर बहुतेक वेळा एडिटरने हा ब्लॉक लिहिलेला नसतो. मधल्या काळात पेटंटचा घोळही झाला. जीआयएफमधल्या एलझेडडब्ल्यू कॉम्प्रेशनचं (फाइल लहान करायच्या पद्धतीचं) पेटंट युनिसिस कंपनीकडे होतं. १९९४ च्या अखेरीस परवाना शुल्काची घोषणा झाली आणि त्या चिडीतून पीएनजी या नव्या चित्र-फॉरमॅटचा जन्म झाला. अमेरिकेतलं पेटंट २००३ मध्ये संपलं. पीएनजी सगळ्या बाबतींत सरस होतं, फक्त हलत नव्हतं. विनोदाला नेमकं तेच हवं होतं, म्हणून जीआयएफ तगलं.

एका फ्रेममध्ये जास्तीत जास्त २५६ रंग ही जीआयएफची मर्यादा. सिनेमातल्या चेहऱ्यावरच्या छटांना ती पुरत नाही, गालावर पट्टे उमटतात. कार्टूनच्या दृश्यात बऱ्याचदा ३२ किंवा ६४ रंगांतही भागतं. हिशेब करून पाहा: ४८० बाय २७० पिक्सेल, तीन सेकंद, सेकंदाला १२ फ्रेम, म्हणजे ३६ फ्रेम आणि सुमारे ४६ लाख ६५ हजार पिक्सेल. दर पिक्सेलला एक बाइट धरला तर कॉम्प्रेशनआधी साडेचार एमबीच्या वर. एलझेडडब्ल्यू आडव्या ओळीत पुन्हा पुन्हा येणारे रंग बांधून टाकतं, म्हणून सपाट रंगाच्या कार्टूनमध्ये फाइल झपाट्याने आक्रसते. इथे हमखास होणारी चूक म्हणजे डिदरिंग चालू ठेवणं. त्याने रंगांचे ठिपके शिंपडले जातात, सलग ओळी तुटतात आणि फाइल फुगते. कार्टूनसाठी डिदरिंग बंद ठेवावं, आधी चित्राचा आकार कमी करावा, मग रंग कमी करावेत. उलट क्रमाने केलं तर आकार कमी करताना कडांवर नव्या मधल्या छटा तयार होतात आणि आधीची मेहनत पाण्यात जाते.

दुसरी गोची वेगाची. जीआयएफमधला वेळ सेकंदाच्या शंभराव्या भागात मोजतात. २४ फ्रेमचा वेग त्यात नेमका बसतच नाही: ४ लिहिलं तर २५ फ्रेम, ८ लिहिलं तर साडेबारा. वेग वाढवण्याच्या हौसेने कोणी १ लिहिलं, तर ब्राउझर तो आकडा जुन्या सवयीने १० धरतात आणि जीआयएफ सेकंदाला दहा फ्रेमनी रखडत चालतं. सर्वांत वेगवान चालणारा आकडा २.

आवाज नाही ही जीआयएफची उणीव फ्लॅश या ॲनिमेशनच्या साधनाने भरून काढली. १९९६ मध्ये फ्यूचरस्प्लॅश या नावाने आलेलं हे साधन मॅक्रोमीडियाने विकत घेऊन त्याचं नाव बदललं. ५६ केबीपीएस मोडेमवर आदर्श परिस्थितीतही एक एमबी उतरायला सुमारे अडीच मिनिटं लागायची. तिथे व्हिडिओ पाठवणं अवघडच, पण फ्लॅश चित्राऐवजी रेषांची गणितं साठवायचं. पात्राचा हात एकदा 'सिम्बॉल' म्हणून ठेवला की तो हजार वेळा वापरला तरी फाइल फारशी वाढत नसे. हे हॅना-बार्बेरांच्या वेगवेगळ्या सेलचंच संगणकावरचं रूप. टॉम फल्प यांच्या न्यूग्राउंड्स या वेबसाइटवर घरबसल्या केलेले असे तुकडे जमू लागले. तिथे प्रेक्षकच गुण देत, आणि फार कमी गुण पडलेली फाइल साइटवरून उडवली जाई. त्या काळातल्या अनेक तुकड्यांत तोंड आणि आवाज जुळत नाहीत. हा प्रत्येक वेळी करणाऱ्याचा गलथानपणा नसतो. आवाज 'इव्हेंट' म्हणून जोडला तर तो चित्राशी संबंध न ठेवता वाजत राहतो, आणि मंद संगणकावर चित्र मागे पडतं. 'स्ट्रीम' निवडलं तर फ्लॅश फ्रेम गाळतं, पण आवाजाची साथ सोडत नाही.

गेमनी दिलेला माल वेगळ्या जातीचा होता: चुका, पुनरावृत्ती आणि बटणं. तोआप्लानचा 'झिरो विंग' हा १९८९ चा आर्केड गेम. मेगा ड्राइव्ह या घरगुती गेमयंत्रासाठी काढताना त्यात सुरुवातीचा संवादप्रसंग जोडला गेला, आणि युरोपातल्या आवृत्तीत त्याचं ओबडधोबड इंग्रजी झालं. त्यातलं 'ऑल युअर बेस आर बिलाँग टू अस' हे वाक्य २००१ च्या सुरुवातीला फलकांवर, रस्त्यांच्या पाट्यांवर, कुठल्याही फोटोवर चिकटवलेलं दिसू लागलं. गेमशी काहीही देणंघेणं नसलेल्या लोकांपर्यंत पोचलेला हा गेममधल्या वाक्याचा बहुधा पहिला मोठा विनोद.

'मिसिंगनो' हा पोकेमॉन गेममधला बिघाड त्याहून रंजक, कारण तो घडतो कसा हे पायरी-पायरीने सांगता येतं. १९९८ मध्ये अमेरिकेत आलेल्या पोकेमॉन रेड आणि ब्लूमध्ये व्हिरिडियन शहरातला म्हातारा पोकेमॉन कसा पकडायचा ते करून दाखवतो. तेवढ्यापुरतं त्याचं नाव लावायचं म्हणून गेम खेळाडूचं नाव तात्पुरतं दुसरीकडे ठेवते, आणि मेमरी वाचवण्यासाठी जागा निवडली जाते ती गवतात भेटणाऱ्या पोकेमॉनच्या यादीची. एरवी पुढच्या रस्त्यावर गेलं की ती यादी पुसून नवी येते. पण तिथून थेट उडत सिनाबार बेटावर गेलं तर येत नाही, कारण शहराला गवताची यादीच नसते. बेटाच्या पूर्व किनाऱ्याला लागून पाण्यावर पोहत राहिलं की गेम तीच जुनी यादी वाचते, म्हणजे खेळाडूच्या नावातली अक्षरं पोकेमॉनचे क्रमांक म्हणून वाचली जातात. ज्या क्रमांकाला पोकेमॉन नाही तिथे मिसिंगनो उभा राहतो. त्याला 'पाहिलं' अशी नोंद करताना बिट भलत्याच जागी पडतो आणि पिशवीतल्या सहाव्या वस्तूच्या संख्येत १२८ ची भर पडते. आधीच १२८ किंवा जास्त असतील तर काहीच होत नाही, हे न कळल्याने दुसऱ्यांदा प्रयत्न करणारे गोंधळतात. किंमतही मोजावी लागते: त्याचं बिघडलेलं चित्र उलगडताना हॉल ऑफ फेमची माहिती खराब होते.

हेलो या व्हिडिओ गेममध्येच चित्रित केलेली 'रेड व्हर्सेस ब्लू' ही मालिका १ एप्रिल २००३ रोजी सुरू झाली. तिचा सगळा डोलारा एका त्रुटीवर उभा होता. पहिल्या हेलोत पात्राची बंदूक कायम रोखलेली असते, आणि असे दोघं गप्पा मारतायत हे पटत नाही. पण पिस्तूल हातात घेऊन खाली जमिनीकडे पाहिलं, की दुसऱ्या खेळाडूच्या पडद्यावर बंदूक खाली गेलेली आणि डोकं मात्र सरळ दिसायचं. हा दुसरा खेळाडू म्हणजेच कॅमेरामन. त्याच्या स्वतःच्या पडद्यावरची चिन्हं झाकायला वर-खाली काळ्या पट्ट्या. हेलो २ मध्ये बंदूक खाली करायची सोयच दिली गेली. चेहरा न दिसणाऱ्या शिरस्त्राणातली पात्रं नुसती मान हलवून बोलतात, म्हणून ओठ जुळवायची कटकटही नाही.

पुनरावृत्तीचं उदाहरण २०११ च्या स्कायरिम या गेममधले पहारेकरी. प्रत्येक शहरात तेच मोजके संवाद आलटून-पालटून बोलत असल्याने गुडघ्यात बाण लागल्याचं वाक्य शेकडो वेळा कानावर पडतं. विनोद त्या वाक्यात काडीचाही नाही. बटणाचं उदाहरण २०१४ चं: 'कॉल ऑफ ड्यूटी: ॲडव्हान्स्ड वॉरफेअर'मध्ये सहकाऱ्याच्या शवपेटीसमोर आदरांजली वाहायला बटण दाबायची सूचना येते. एक्सबॉक्सवर एक्स, प्लेस्टेशनवर चौकोन, पीसीवर एफ. गंभीर प्रसंगाला आलेला तो यांत्रिकपणा हास्यास्पद ठरला. चॅटमध्ये टिकला तो 'एफ', कारण तो कीबोर्डवर एका बोटाने लिहिता येतो. चौकोन लिहिता येत नाही.

मजकुराची बाजूही अशीच घडली. जेफ्री ली यांचा १९६५ चा इम्पॅक्ट हा टाइप मायक्रोसॉफ्टने वेबसाठी दिलेल्या फाँटमध्ये होता, म्हणून जवळपास प्रत्येक संगणकावर सापडायचा. पांढरं अक्षर आणि काळी कड, म्हणजे मागे काहीही असो, वाचता येतं. इम्पॅक्टमध्ये देवनागरी नाही. मराठी मजकूर दिला की प्रणाली दुसराच फाँट लावते, आणि जाड कड दिली तर मात्रा, अनुस्वार आणि जोडाक्षरांतल्या फटी बुजतात. कड अर्धी करून अक्षर मोठं ठेवणं हाच इलाज. २०१७ च्या 'वेडावणारा स्पंजबॉब' या कार्टून-मीमचं मराठीत अडतं ते वेगळ्या कारणाने: त्याचा टोमणा लहान-मोठ्या इंग्रजी अक्षरांच्या सरमिसळीत आहे, आणि आपल्याकडे तो भेदच नाही. मग सगळा भार त्या चित्रावर येतो.

हातोहात फिरताना चित्र झिजतं. जेपीईजी प्रत्येक वेळी ८ बाय ८ पिक्सेलच्या चौकोनांत बारकावे गाळतं आणि बहुधा रंगाची माहिती उजेड-अंधाराच्या माहितीपेक्षा कमी तपशिलात ठेवतं. म्हणूनच निळ्यावर लिहिलेला लाल मजकूर सर्वांत आधी चिखल होतो. ही झीज मुद्दाम टोकाला नेऊन 'डीप फ्राइड' मीम निघाले. खरी झीज टाळायची तर स्क्रीनशॉट पीएनजीत ठेवावा आणि मेसेजमधून पाठवताना फोटोऐवजी फाइल म्हणून जोडावा.

२०१४ पासून ट्विटर आणि इमगरने अपलोड केलेली जीआयएफ आतल्या आत एमपी४ मध्ये बदलायला सुरुवात केली. नाव जीआयएफच राहिलं, माल व्हिडिओचा झाला. ते उतरवून घेतल्यावर फाइल जीआयएफ म्हणून उघडत नाही, ती याच कारणाने. फ्लॅशचा पाठिंबा अडोबीने ३१ डिसेंबर २०२० रोजी थांबवला. जुन्या फाइल आता रफल या इम्युलेटरवर, म्हणजे फ्लॅशची नक्कल करणाऱ्या प्रोग्रामवर, चालतात. ॲक्शनस्क्रिप्ट (फ्लॅशची प्रोग्रामिंग भाषा) १ आणि २ मधले तुकडे बहुतेक व्यवस्थित चालतात, ॲक्शनस्क्रिप्ट ३ मधल्या गेममध्ये अजून अडचणी येऊ शकतात. पण चालू होताना दुसऱ्या सर्व्हरवरून आवाज किंवा पुढचा भाग मागवणारी फाइल कुठल्याही इम्युलेटरवर लोडिंगच्या पट्टीवरच अडकते. तिचे सुटे भाग कोणी वेगळे जपून ठेवले असतील तरच ती पुढे सरकते.